घराची दुरुस्ती आणि ग्रामपंचायतीची परवानगी
(जीर्णोद्धार सोहळ्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवळाचे काम पूर्ण झाले की गावाला घरे दिसू लागतात, असा सर्वत्रचा अनुभव आहे. वर्ष-दोन वर्षे गावात गवंडी राबतात, वाळू-खडी येऊन पडते, चांगला मिस्त्री कोण आणि लबाड कोण हे सर्वांना कळते, आणि मग ज्याच्या त्याच्या मनात येते की देवाचे झाले, आता आपल्याही माळवदाकडे पाहावे. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांनी १९७५ च्या सुमारास स्वतःच्या पैशातून यादवबाबांच्या मंदिराची दुरुस्ती केली आणि गावच्या पुढील कामाची सुरुवात त्या देवळापासून झाली. तेव्हा जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत घरदुरुस्तीचा विषय आला तर तो परका मानण्याचे कारण नाही.

घर पाहावे बांधून, असे जुने लोक म्हणत. त्या काळी बांधण्यात पैसा आणि कष्ट एवढेच होते. आज त्यात कागदाची भर पडली आहे. आणि खरे सांगावयाचे तर कष्टाने बांधलेले घर पैशाअभावी क्वचितच अडते. ते कागदाअभावी अडते, भावाच्या तक्रारीने अडते, शेजाऱ्याच्या अर्जाने अडते. भिंत कमरेपर्यंत आलेली असते, सिमेंटच्या गोण्या पावसात दगड होऊन जातात आणि घरधनी तालुक्याच्या गावी खेटे घालीत असतो.

पहिला प्रश्न असा की परवानगी लागते कोणत्या कामाला? गावात दोन टोकाचे समज आहेत. एक म्हणजे स्वतःच्या घराला कोणाची परवानगी कशाला, आणि दुसरा म्हणजे चुना लावायलाही ग्रामपंचायतीला विचारले पाहिजे. दोन्ही चुकीचे. रंगरंगोटी, गिलावा, फरशी बदलणे, फुटलेली कौले किंवा गंजलेले पत्रे काढून त्याच उंचीवर त्याच जातीचे नवे घालणे, आतील मोरी दुरुस्त करणे, दारे-खिडक्यांच्या चौकटी बदलणे, ही साधी देखभाल होय. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ यातही देखभालीची आणि घराचे बाह्यस्वरूप न बदलणारी किरकोळ कामे परवानगीच्या बंधनातून वगळलेली आहेत. परंतु मातीचे माळवद काढून तेथे स्लॅब टाकणे, जुनी भिंत पाडून पाया नव्याने भरणे, पडवी पुढे ओढून खोली करणे, वर मजला चढविणे, ही दुरुस्ती नव्हे. कायद्याच्या भाषेत ते बांधकाम किंवा पुनर्बांधकाम आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम (मूळचा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८) याच्या कलम ५२ नुसार गावाच्या हद्दीत अशी इमारत उभारण्यापूर्वी किंवा पुन्हा उभारण्यापूर्वी पंचायतीची परवानगी घ्यावयाची असते. 'पुन्हा उभारणे' या दोन शब्दांकडे लक्ष असावे. आजोबांचे घर होते त्याच जागी, त्याच मापाचे बांधतो आहोत, मग परवानगी कशाची, हा युक्तिवाद ओसरीवर बसून बरा वाटतो; कचेरीत तो टिकत नाही.

आता कागद. येथे थोडे थांबावे लागेल, कारण बहुतेक भानगडी येथेच जन्मास येतात.

गावात कोणालाही घराचा कागद मागितला तर तो 'आठचा उतारा' आणून देतो. पण आठचे उतारे दोन आहेत आणि पुष्कळांची गल्लत येथेच होते. एक गाव नमुना आठ-अ, तो तलाठ्याकडचा. त्यात खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती शेतजमीन आहे ते दिसते. दुसरा ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. घर क्रमांक, घराचे वर्णन, कोणाकडून किती कर घ्यावयाचा, हे त्यात असते. घराच्या कामाला हा दुसरा उतारा लागतो. परंतु तो लागतो म्हणजे त्याने मालकी सिद्ध होते असे नव्हे. घरपट्टी कोण भरतो एवढेच तो सांगतो. पन्नास वर्षे घरपट्टी भरली म्हणून जागा आपली झाली, असे मानून उभारलेली घरे दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या चढलेली आहेत. (तलाठ्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी असे नवे पदनाम मिळाले आहे. गाव मात्र अजून तलाठी आणि ग्रामसेवक असेच म्हणते, आणि अर्ज त्यामुळे अडत नाही.)

मग मालकीचा कागद कोणता? शेतजमिनीला सातबारा आहे. गावठाणातील घरांना मात्र कित्येक पिढ्या असा कागदच नव्हता. पांढरीतली जागा, चारी बाजूंचे शेजारी, मधली बोळ आणि गावाची आठवण, एवढ्यावर व्यवहार चालत. दोन हजारांहून अधिक वस्तीच्या गावांपैकी काहींची जमीन महसूल कायद्याखाली गावठाण मोजणी होऊन तेथे मिळकत पत्रिका तयार झाल्या, लहान गावे राहून गेली. अलीकडे हे चित्र पालटले. ड्रोन नावाच्या लहान विमानाने गावठाणाची छायाचित्रे घेऊन नकाशे करण्याचा पहिला प्रयोग महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी या गावी झाला. पुढे केंद्र शासनाने २४ एप्रिल २०२० रोजी 'स्वामित्व' या नावाने ती योजना देशभर जाहीर केली आणि ११ ऑक्टोबर २०२० रोजी सहा राज्यांतील ७६३ गावांत मिळकत पत्रिका वाटपाचा आरंभ झाला. त्यांत महाराष्ट्रातील १०० गावे होती. भूमी अभिलेख खाते प्रत्येक घराची हद्द चुन्याने आखून घेते, वरून छायाचित्र निघते, चौकशी होते आणि मग सनद व पत्रिका मिळते.

ही चुन्याची रेघ ज्या दिवशी आखली जाते त्या दिवशी घरधन्याने घरी असावे. यात्रेला गावी येणारी मंडळी मोजणीला येत नाहीत. मग बोळीतला हातभर तुकडा रेघेच्या पलीकडे गेल्याचे त्यांना दोन वर्षांनी पत्रिका हाती आल्यावर कळते. चौकशी अधिकाऱ्यापुढे त्याच वेळी दोन ओळींची लेखी हरकत दिली असती तर जे काम झाले असते, त्यासाठी पुढे अपिले करावी लागतात. शनिशिंगणापूरला घरांना कवाडे लावीत नाहीत, युको बँकेने २०११ मध्ये तेथे शाखा काढली तीही कुलपावाचून. पण दाराला फळी नसली तरी मिळकतीला चतुःसीमा असावीच लागते.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक प्रकार आहे. धरणाखाली जमिनी व घरे गेलेली गावे नव्या गावठाणांत वसली. राहुरी तालुक्यातील मुळा धरणाचे उदाहरण जवळचे आहे. पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी आणि भूखंड पुष्कळदा भोगवटादार वर्ग दोनचे असतात, म्हणजे ते विकण्यास, काही वेळा वापर बदलण्यासही, वरिष्ठांची मंजुरी लागते. असा भूखंड तोंडी व्यवहाराने घेऊन त्यावर बंगला बांधणाऱ्याने आधी उताऱ्यावरची ती एक ओळ वाचावी.

कागद सापडला, तरी त्यावर नाव कोणाचे? बहुधा वारलेल्या वडिलांचे, कधी आजोबांचे. वारसाची नोंद करून घेणे हे काम फुकटात होण्याजोगे आहे, पण गावात ते कोणी वेळेवर करीत नाही. त्यातच घर सामायिक असते. एक भाऊ गावी राहून आईवडिलांना सांभाळतो, दुसरा भोसरीला कारखान्यात असतो, तिसरा मुंबईला. गावचा भाऊ पडके घर पाडून चार खोल्या बांधतो. त्यात त्याचा हेतू वाईट नसतो. पावसाळ्यात माळवद गळत असते, नातवंडे झोपायची कोठे हा प्रश्न असतो. पण मुंबईचा भाऊ कलशारोहणाला येतो आणि आपल्या वाटणीच्या दोन खणांवर भावाचा जिना पाहतो. तेथून जे सुरू होते ते मग देवाच्या मांडवातही थांबत नाही. एकाच दिवशी दोन भाऊ दोन वेळांना आरती करतात.

म्हणून सामायिक मिळकतीवर काम काढताना सर्व सहहिस्सेदारांचे संमतिपत्र घ्यावे, ते मुद्रांक कागदावर असावे, आणि शक्य असेल तर आधी नोंदणीकृत वाटणीपत्र करून मगच पाया खणावा. बहिणींना येथे विसरतात. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा यांच्या खटल्यात तो हक्क वडील त्या दिवशी हयात असण्यावर अवलंबून नाही असा निर्णय दिला. नांदायला गेलेल्या बहिणीची सही घेणे म्हणजे तिचा हिस्सा काढून घेणे नव्हे. ती सही मागताना कशासाठी मागतो आहोत हे तिला सरळ सांगावे. 'येथे अंगठा कर' एवढ्यावर भागवू नये. बांधकामाची संमती निराळी आणि हक्कसोड निराळी, हे तिलाही कळते आणि कळायला हवे.

परवानगी द्यावयाची कोणी, या बाबतीत गेल्या काही वर्षांत बरीच उलथापालथ झाली. पूर्वी ग्रामपंचायतीचा ठराव झाला की काम सुरू होत असे. पुढे प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रात नगररचना कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची व नगररचना खात्याची मंजुरी आवश्यक झाली. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या, सतरा हजारांहून अधिक चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्यात एका टोकाला अकोल्याचे डोंगर आणि दुसऱ्या टोकाला जामखेड. तीन खोल्यांच्या घरासाठी नगरला जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि वर 'साहेब मिटिंगला गेले आहेत' हे उत्तर. परिणाम असा झाला की माणसांनी परवानगी मागणेच सोडून दिले. नियम इतका दूर ठेवला की तो मोडणे हीच रीत होते.

डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली आणि तिच्या आधारे फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास मंत्र्यांनी जाहीर केले की ग्रामीण भागात सुमारे ३,२०० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे ३०० चौरस मीटरपर्यंत, घर बांधणाऱ्याला नगररचना खात्याकडे जाण्याची गरज नाही. ते मंत्री म्हणजे हसन मुश्रीफ. योगायोग असा की त्या वेळी ते या जिल्ह्याचेच पालकमंत्री होते. यातही दोन पायऱ्या आहेत. साधारण १,६०० चौरस फुटांपर्यंत, म्हणजे १५० चौरस मीटरपर्यंत, मालकीचा कागद, जागेचा मोजणी नकाशा, घराचा आराखडा, तो नियमावलीप्रमाणे आहे असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि विकास शुल्क भरल्याची पावती, एवढे ग्रामपंचायतीला सादर करून थेट काम सुरू करता येते. त्याहून अधिक पण ३,२०० चौरस फुटांच्या आत असेल तर कागद दिल्यावर पंचायतीने शुल्काची रक्कम दहा दिवसांत कळवावयाची, ती भरली की काम सुरू. त्यापुढचे मोठे काम मात्र नगररचना खात्याच्या मार्गानेच जाते.

ही सवलत चांगलीच आहे, परंतु तिचा अर्थ गावोगाव उलटा लागला. 'परवानगीची गरज नाही' एवढेच लोकांनी ऐकले, पुढचे कागद ऐकलेच नाहीत. खरे पाहता येथे जबाबदारी साहेबाच्या टेबलावरून उचलून घरधन्याच्या आणि त्याच्या अभियंत्याच्या डोक्यावर ठेवली आहे. अभियंता दाखला देतो की सर्व नियमात आहे. तो दाखला खोटा निघाला तर शाई वाळण्यापूर्वी पैसे घेतलेला अभियंता दुसऱ्या गावी गेलेला असतो आणि भिंत आपल्या जागीच असते. म्हणून परवाना क्रमांक असलेला माणूस पाहावा, त्याला जागेवर आणावे, फीत लावून मापे त्याच्यासमोर घ्यावीत. तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा नकाशा, ज्यात केवळ नाव बदललेले असते, तो स्वीकारू नये. अशा नकाशात कधीकधी गावात नसलेला नऊ मीटरचा रस्ता घरासमोरून गेलेला दिसतो.

शुल्कांविषयी थोडक्यात. विकास शुल्क नगररचना कायद्याखाली आहे. बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी खर्चाच्या एक टक्का उपकर असतो, परंतु स्वतःच्या राहण्याचे घर आणि एकूण खर्च कायद्याने ठरविलेल्या मर्यादेच्या आत असेल तर तो लागू होत नाही. याखेरीज कोणी काही मागितले तर पावती मागावी. पावती मागितली की पुष्कळ मागण्या आपोआप विरतात.

जेथे रीतसर अर्ज करून परवानगी घ्यावयाची आहे तेथे साठ दिवसांची मुदत महत्त्वाची आहे. त्या मुदतीत मंजुरी किंवा नकार लेखी कळविला नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. पण ती मुदत मोजावयाची कोठून? अर्जावर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतलेल्या प्रतीवरून. सरपंच घरचे आहेत म्हणून अर्ज त्यांच्या खिशात दिला, ग्रामसेवक रस्त्यात भेटले म्हणून त्यांच्या डायरीत ठेवला, तर साठ काय सहाशे दिवस गेले तरी काही उपयोग नाही. शिवाय मानीव परवानगीचा अर्थ नियम मोडण्याची मुभा असा नाही. रस्त्यावर आलेली भिंत मानीव परवानगीने आत सरकत नाही.

आता शेजाऱ्यांकडे वळू. कायद्याची कलमे किती सांगावीत, पण गावातली निम्मी भांडणे पन्हाळीवरून होतात. कौलारू घराचे पाणी दोन्ही बाजूंना ठिबकत असे, ते कोणाच्या अंगणात पडते हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असे. स्लॅब आला आणि सगळे पाणी एका पाइपातून धो धो एका ठिकाणी पडू लागले, बहुधा शेजाऱ्याच्या भिंतीच्या मुळाशी. माती-दगडाची भिंत ती, दोन पावसाळ्यांत पोट काढते. स्लॅबचा उतार आपल्या अंगणाकडे किंवा गटाराकडे घ्यावा, न्हाणीचे पाणी शोषखड्ड्यात सोडावे, हे गवंड्याला पहिल्या दिवशी सांगितले तर खर्च वाढत नाही.

सामायिक भिंतीचेही तसेच. दोन घरांमधली दोन हात रुंदीची दगडी भिंत दोघांची असते. तिच्यावर एकट्याने तुळई टेकविणे, तिचा निम्मा भाग कोरून पिलर घालणे, हे शेजाऱ्याच्या लेखी संमतीखेरीज करू नये. खिडकीबाबत भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ सांगतो की वीस वर्षे बिनतक्रार व अखंड उजेड-वारा घेतला असेल तर तो हक्क होतो. शेजाऱ्याच्या जुन्या खिडकीसमोर भिंत चढविताना हे ध्यानात ठेवावे. आणि ज्याला नवी खिडकी काढावयाची आहे त्याने शेजारणीच्या न्हाणीवर ती उघडणार नाही एवढे पाहावे. यासाठी कोणत्याही कलमाची गरज नसावी.

आणि ओटा. या विषयात सर्वांत बिनदिक्कत मोडला जाणारा नियम ओट्याचा आहे. घर नवे झाले की जोते उंच होते, जोते उंच झाले की पायऱ्या लागतात, पायऱ्या रस्त्यावर येतात, पायऱ्यांशेजारी बसायला ओटा होतो, ओट्यावर पत्र्याची सावली येते, सावलीखाली मोटारसायकल येते. दहा वर्षांत बैलगाडी जाईल एवढी गल्ली हातगाडीपुरती राहते. समोरचाही मग तेवढाच पुढे येतो, कारण त्याने का मागे राहावे? ज्या गल्लीतून पालखी दोन्ही बाजूंच्या खांदेकऱ्यांसह सरळ जात असे तेथे ती आता तिरकी करून न्यावी लागते, आणि आजारी म्हाताऱ्याला रुग्णवाहिकेपर्यंत खाटेवर घालून न्यावे लागते. ही स्थिती पुष्कळ गावांची आहे. अरुंद गल्लीत गल्लीच्या मध्यापासून ठराविक अंतर मोकळे सोडून बांधावे असा नियम त्यासाठीच आहे. तो नवे बांधताना पाळला तरच पुढेमागे गल्ली पुन्हा रुंद होऊ शकते. जुन्या घराचा पाया होता तेथेच नवा घेण्याचा हट्ट येथे गावाला महाग पडतो.

कलम ५३ अन्वये सार्वजनिक रस्त्यावरील व जागेवरील अतिक्रमण काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. तो वापरला जात नाही याचे कारण पंचायतीत बसणाऱ्यांचे ओटेही तेवढेच पुढे असतात. पण त्यांना कायद्याने एक धाक घातला आहे. शासकीय किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण केलेला माणूस ग्रामपंचायतीचा सदस्य राहू शकत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात हेही स्पष्ट केले की कुटुंबातील आधीच्या व्यक्तीने केलेल्या अतिक्रमित जागेत राहून त्याचा लाभ घेणारा सदस्यही अपात्र ठरतो. निवडणुकीला उभे राहू इच्छिणाऱ्या तरुणांनी आपल्या घराची पायरी एकदा मोजून घ्यावी.

काही घरांना याहून कडक नियम लागतात. अकोले तालुक्यात रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर किंवा नगरजवळच्या डोंगरावरची सलाबतखानाची कबर, जिला लोक चांदबिबीचा महाल म्हणतात, अशी स्थळे केंद्राच्या संरक्षणाखाली आहेत. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर हे निषिद्ध क्षेत्र आणि त्यापुढील २०० मीटर हे नियंत्रित क्षेत्र, असा २०१० च्या दुरुस्तीने नियम झाला. निषिद्ध क्षेत्रात नवे घर होत नाही. तेथील जुन्या घराची दुरुस्तीसुद्धा सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊनच करता येते. तसेच राज्यमार्गाच्या कडेला बांधणाऱ्याने सार्वजनिक बांधकाम खात्याची रेषा आधी विचारावी, आणि गावठाणाबाहेर वस्तीवर बांधणाऱ्याने शेतातील घराचे नियम महसूल कचेरीत पाहावेत. गावठाणाच्या सीमेपासून २०० मीटरच्या आतील आणि प्रादेशिक योजनेत निवासी दाखविलेल्या जमिनींना २०१९ च्या सुमारास मार्ग सोपा झाला, रूपांतर कर भरून सनद घेता येऊ लागली. पण चार-पाच जणांत मिळून एक सातबारा असलेला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा केवळ शंभर रुपयांच्या मुद्रांकावर घेणाऱ्याने त्या सोप्या मार्गाच्या भरवशावर राहू नये.

देवळेही या सर्वांतून सुटलेली नाहीत, हे येथे सांगणे उचितच आहे. देवस्थान नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर त्याची जागा विकण्यास, बदलण्यास किंवा दीर्घ मुदतीने देण्यास १९५० च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते; आणि सभामंडप वाढविणे हेही बांधकामच आहे, त्यालाही नकाशा व परवानगी हवी. सार्वजनिक रस्त्यावर वा मैदानात नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे. देवासाठी म्हणून कोणी सार्वजनिक जागा आत घेतली तर उद्या गावातल्या कोणत्या ओट्याला कोणी बोट दाखवावे? दानशूर मंडळींनी कमानीवर आपले नाव पाहण्याबरोबरच त्या कमानीच्या जागेचा उतारा पाहण्याची सवय लावून घेतली तर विश्वस्तांना राग येण्याचे कारण नाही.

ज्यांनी परवानगीवाचून बांधले आहे त्यांचे काय, हा प्रश्न मागच्या रांगेतल्यांच्या मनात असेल. नगररचना कायद्याच्या कलम ५२ मध्ये विनापरवाना बांधकामास एक महिना ते तीन वर्षे कैद आणि दंड सांगितला आहे. त्याच कायद्यात नोटीस आल्यावर बांधकाम राखून ठेवण्यासाठी परवानगी मागण्याची वाटही आहे. स्वतःच्या जागेत, अंतरे सोडून, पण केवळ कागद न करता बांधलेल्या घराला ती वाट मोकळी असते. तेव्हा नोटीस आली की ती फाडून टाकू नये किंवा पुढाऱ्याच्या हाती देऊन स्वस्थ बसू नये. तारीख पाहून मुदतीत लेखी उत्तर द्यावे. दुसऱ्याच्या किंवा सरकारी जागेतील बांधकामाला मात्र तो उपाय नाही.

घरकुलाच्या लाभार्थ्यांना हे अधिक जाचते. प्रधानमंत्री आवास योजनेचा ग्रामीण भाग २० नोव्हेंबर २०१६ पासून सुरू झाला, सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार रुपये, तेही हप्त्याने. पाया झाला, छायाचित्र निघाले, पुढचा हप्ता. जोते झाले, पुन्हा छायाचित्र. यात जागेचा वाद मध्येच निघाला तर हप्ता थांबतो आणि उधारीवर आणलेली वीट तशीच पडते. गरिबाच्या घराला वादाचा एक महिनादेखील परवडत नाही, म्हणून त्याची जागा यादीत नाव आल्याबरोबर ग्रामपंचायतीने स्वतः मोजून द्यावी.

काम पूर्ण झाल्यावर आणखी दोन गोष्टी राहतात आणि त्या हमखास राहतात. ग्रामपंचायतीला काम पूर्ण झाल्याचे कळवून नमुना आठमध्ये घराचे वर्णन बदलून घ्यावे. 'मातीचे घर, माळवद' अशी नोंद तशीच ठेवून घरपट्टी वाचते खरी, पण बँकेचे कर्ज त्या नोंदीवर मिळत नाही, आणि अतिवृष्टीत नुकसान झाले तर पंचनाम्यात जी खोली नोंदीतच नाही तिची भरपाई मागणे कठीण जाते. दुसरी गोष्ट म्हणजे मंजूर नकाशा, शुल्काच्या पावत्या, संमतिपत्रे, अभियंत्याचा दाखला आणि पोच घेतलेला अर्ज यांच्या दोन प्रती कराव्यात. एक पत्र्याच्या पेटीत राहावी, दुसरी बाहेरगावी राहणाऱ्या भावाकडे द्यावी. मोजणीचा अर्ज सुगीपूर्वी द्यावा. दिवाळीनंतर भूमी अभिलेख कार्यालयात गर्दी उसळते आणि चैत्रात पाया घेण्याचा मुहूर्त हुकतो.